सहकार्य केले नाही

पिलणकरांच्या सलोनीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं दवाखान्याच्या बाकड्यावर गेली होती. रक्त झालं, थायरॉईड झालं, महिन्याआड पोटाच्या सोनोग्राफ्या झाल्या. एवढं सगळं झाल्यावर क्लिनिकच्या सिस्टरने फोन करून सांगितलं, "पाळीच्या आठव्या दिवशी या. गर्भनळीची तपासणी आहे. सोबत कुणाला तरी आणा."

"दुखतं का हो?" सलोनीने विचारलं.

"पाळीत दुखतं तेवढंच," सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला.

सोबत यायला घरात सासूशिवाय कोणी नव्हतं. नवरा सूरज जयगडच्या बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, इंजिनरूममध्ये कामाला. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस मिऱ्याला घरी. सासू, कमळा, पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळी उचलायची आणि रत्नागिरी शहरात घरोघरी फिरून विकायची. त्या दिवशी तिने पाटी शेजारणीच्या ताब्यात दिली, धुवट लुगडं नेसली आणि सुनेच्या स्कूटीवर मागे बसली. वाटेत ती एकदाच बोलली. "डाक्टरीणबाई माझं गिऱ्हाईक हाय. बुधवारी नि आयतवारी त्यांच्या मागच्या दारी पापलेट देते मी. काय काळजी करू नको."

दहाला बोलावलं होतं, नंबर लागला पावणेएकला. तोवर सलोनी चार वेळा उठून पाणी प्यायली आणि तीन वेळा बाथरूमला जाऊन आली. एका जागी बसवेना. कमळा म्हणाली, "बस की गो, तुझ्या फेऱ्यांनी मलाच चक्कर यायला लागली."

एक्स-रेची खोली बर्फाच्या कारखान्यासारखी थंड होती. टेबल लोखंडी, त्यावर पातळ प्लास्टिक. सिस्टरने कंबरेखालचं सगळं काढायला सांगितलं आणि अंगावर टाकायला एक हिरवा कपडा दिला, तोही अपुरा. मशीनवाला माणूस तिथेच उभा होता, भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत होता. आपल्याला काय करणार आहेत हे आत्तापर्यंत कोणीच सांगितलं नाही हे सलोनीच्या तेव्हा लक्षात आलं, पण अशा अवस्थेत पडून प्रश्न विचारायचा तरी कसा?

डॉक्टरबाई आल्या त्या हातमोजे चढवतच. "पाय वर घे. आणखी. सैल सोड अंग."

पहिल्यांदा थंडगार लोखंड लागलं. मग आत कुठेतरी चिमटा बसला आणि सलोनीचा श्वासच अडकला. नंतर जे सुरू झालं ते पाळीत दुखतं तसलं नव्हतं. कोणीतरी ओटीपोटाच्या आतून मूठ आवळत होतं आणि सोडतच नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली.

"झालंच. हलू नको, फिल्म बिघडते."

"बाई, थांबा ना जरा!"

"गुडघे धर गं तिचे," बाई सिस्टरला म्हणाल्या. सिस्टरने दोन्ही गुडघे दाबून धरले. बाईंनी पुन्हा काहीतरी आत ढकललं आणि सलोनीच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती तिची तिलाच ओळखू आली नाही.

"एवढ्याशा गोष्टीला ओरडतेस, मग बाळंतपण कसं करणार?" बाईंचा आवाज रागाचा नव्हता. कंटाळ्याचा होता, आणि तेच जास्त लागलं. तेवढ्यात नळीत सोडायचं औषध सगळं बाहेर आलं, टेबलावरून खाली सांडलं. कोणीतरी दाराशी येऊन लेबर रूममधून बोलावत असल्याचं सांगितलं. बाईंनी हातमोजे उतरवले. "जाऊ दे. जेवढं आलंय तेवढं बघू."

टेबलावरून उतरताना सलोनीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टरने तिच्या हातात एक पॅड दिलं आणि म्हणाली, "बाहेर बसा, पुढचा पेशंट घ्यायचाय."

बाहेर कमळा उभी होती. तिने किंकाळी ऐकली होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. स्कूटी तिथेच ठेवून दोघी रिक्षाने घरी आल्या. कमळाने सुनेचा हात धरून ठेवला होता, पण बोलली ती एवढंच, "बाई चांगली हाय गो. घाईत असंल."

सलोनीने हात सोडवून घेतला आणि रिक्षाच्या बाहेर बघत बसली.

दोन दिवसांनी रिपोर्ट मिळाला. सलोनी बीएस्सी झालेली, तिला इंग्रजी वाचायला कोणाची गरज नव्हती. खाली दोन ओळी होत्या. पहिली, दोन्ही नळ्या बंद. दुसरी, पेशंटने सहकार्य केले नाही.

डॉक्टरबाईंनी कागद नजरेखालून घातला. "दोन्ही बंद आहेत. आपोआप दिवस राहणं कठीण. मुंबईला जाऊन टेस्ट ट्यूबचं बघा, नाहीतर आधी दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्या. चिठ्ठी देते."

"बाई, पण तपासणी मध्येच थांबली होती ना?"

"तू हलत होतीस," बाई म्हणाल्या आणि घंटी वाजवली. पुढची बाई आत आलीसुद्धा.

त्या दिवसापासून सलोनीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. भात लावला की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. संध्याकाळी कामावरून आल्यावर मिऱ्याच्या बंधाऱ्याच्या दगडांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, आणि परत फिरताना आपण कशाला आलो होतो तेच तिला आठवायचं नाही. सूरजला फोन लावला तर मागे इंजिनाची घरघर.

"होईल गो काहीतरी," तो ओरडून बोलायचा. "मुंबईला जाऊ. माझा चुलतभाऊ हाय परळला."

"अहो, तुमची तपासणी राहिलीय अजून."

"पुढच्या सुट्टीत करू की!"

ही पुढची सुट्टी तीन वर्षं पुढेच जात होती. सूरज माणूस वाईट नव्हता. घरी असला की पाणी भरायचा, मासळी साफ करायचा, कोणाच्या बारशाला जायचं टाळायला सलोनीसाठी सबबीही तोच शोधायचा. पण या एका गोष्टीवरून तो असा काही सटकायचा की हातातून बोय मासा निसटावा.

शनिवारी सलोनी न्हाणीघरात असताना कमळा ओटीवर बसून आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून कमळाचा फोनवरचा आवाज नेहमीच चढा. "नाय गो, आमच्या सूरजचं काय नाय. हिच्याच नळ्या बंद निघाल्या."

*हिच्याच.* सलोनीने डोक्यावर ओतायला घेतलेला तांब्या तसाच हातात राहिला. पाणी निवून गेलं तरी ती उभीच.

सोमवारी ती कामावर गेली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे, त्याच्या प्रयोगशाळेत ती सात वर्षं होती. कोळंबी, माकूल, जे काही पेटीत भरून जायचं त्याचा नमुना आधी तिच्या टेबलावर यायचा. ती पास म्हणाली तर माल पुढे, नापास म्हणाली तर परत. तिच्या हाताखाली दिशा नावाची नवी मुलगी लागली होती, दोन महिन्यांची. दिशाने एक फॉर्म सहीसाठी पुढे ठेवला. माकुलाचा नमुना, नापास.

"कशावरून?" सलोनीने विचारलं.

"मॅडम, पिशवी फाटलेली होती. येताना वितळलं होतं सगळं. वासही येत होता."

"मग नापास कसं लिहिलंस? नमुना नीट आलाच नाही. माल खराब आहे की आणणाऱ्याने खराब केला, तुला कसं कळलं?" सलोनीचा आवाज चढत चालला होता. "तपासणी झालीच नाही असं लिहायचं. दुसरा नमुना मागवायचा. त्या पेट्या भरताना बायका बर्फात हात घालून राबतात, त्यांचा माल तू असा एका शब्दात..."

ती थांबली. दिशा घाबरून तिच्याकडे बघत होती. सलोनीने फॉर्मवरची नजर उचलली नाही. मग तिने पेन ठेवलं, अंगातला पांढरा कोट काढला आणि खुंटीला लावला.

"मॅडम, रागावलात?"

"तुझ्यावर नाही गं," सलोनी म्हणाली. "साहेबांना सांग, मी अर्ध्या दिवसाची रजा घेतलीय."

तीन वाजता ती क्लिनिकच्या काउंटरपाशी उभी राहिली. "माझ्या फाईलची नक्कल पाहिजे. आणि एक्स-रेची सीडी."

"फाईल क्लिनिकची असते," सिस्टर म्हणाली.

"पोट माझं होतं. नक्कल द्या."

"बाईंना विचारायला लागेल. बसा."

"नाही बसत. उभीच बरी आहे."

आणि ती खरंच उभी राहिली. बाकड्यावरच्या बायका सरकून जागा करून द्यायच्या, ती मान हलवायची. पाय दुखायला लागले की एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायची. चार वाजले, पाच वाजले. येणारा जाणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून जात होता, आणि सिस्टरला तिच्याकडे न बघणं दर मिनिटाला जड जात होतं. साडेपाचला आतून निरोप आला.

डॉक्टरबाई खुर्चीत मागे रेलल्या होत्या. टेबलावर चहावर साय धरली होती. चपला काढून ठेवलेल्या, पाय सुजलेले. "काय आहे गं? सकाळपासून तीन सिझर केलेत मी."

तेवढ्याने सलोनीचा अर्धा राग ओसरला असता. पण अर्धा उरलाच.

"बाई, माझी तपासणी पूर्ण झाली होती का?"

"रिपोर्टमध्ये लिहिलंय ना?"

"रिपोर्टमध्ये दोन्ही नळ्या बंद लिहिलंय. औषध तर सगळं टेबलावर सांडलं होतं, माझ्या टाचांपर्यंत आलं होतं. ते नळीत गेलंच नाही तर नळी बंद की उघडी, कळलं कसं?"

बाई सरळ बसल्या. "तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. मी मासळी तपासते. पण आमच्याकडे अर्धवट तपासणीवर मालाला नापास करत नाहीत."

बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं. बाईंनी फाईल ओढली आणि पानं उलटायला लागल्या. रक्त, सोनोग्राफी, पुन्हा सोनोग्राफी. एका पानावर डाव्या बाजूला सलोनीची सगळी माहिती भरलेली होती आणि उजवी बाजू पांढरी होती. वर छापलेलं, पती. सलोनीने बोट ठेवलं.

"हे रिकामं का?"

"तुम्ही लोक आणत नाही नवऱ्यांना. आम्ही काय घरी जाऊन आणायचे?"

"तीन वर्षांत एकदा तरी मागितलात का त्यांचा रिपोर्ट? मागितला असतात तर मी घरात सांगू शकले असते, की बाई म्हणतात त्याशिवाय पुढे जायचं नाही. माझं कोण ऐकतं?"

निवलेला चहा बाईंनी उगाचच बाजूला सरकवला.

"आणि बाई, मी दोनदा थांबा म्हणाले होते."

"स्नायू आवळले असतील," बाई फाईलकडे बघत म्हणाल्या. "दुखलं की आवळतात. मग औषध पुढे जात नाही. होतं असं कधीकधी."

"मग दुखू नये म्हणून गोळी असते ना काहीतरी?"

"सगळ्यांना लागत नाही."

"विचारायचं तरी."

बाईंनी पेन उचललं. केसपेपरच्या खाली मराठीतच लिहिलं, वेदनेमुळे तपासणी पूर्ण होऊ शकली नाही, पुन्हा करणे आवश्यक. खाली सही केली.

"आणि ते सहकार्याचं?" सलोनीने विचारलं.

"छापून गेलेला रिपोर्ट मी बदलत नाही." त्यांनी घंटी वाजवली. "सिस्टर, हिला नक्कल आणि सीडी द्या."

माफीचा शब्द त्या बोलल्या नाहीत. सलोनीला तो हवा होता की नाही हेही तिला नीट ठरवता आलं नाही. कागद छातीशी धरून ती बाहेर आली आणि तिने स्कूटी घराकडे वळवली.

बुधवारी कमळा दुपारी घरी आली ती पाटीत दोन जोड्या पापलेट तशीच घेऊन. पाटी धाडकन ओटीवर ठेवली.

"डाक्टरीणबाईंच्या कामवालीने दारातून परत पाठवलं. 'आज नको,' बोलली. बारा वर्षांत कधी 'नको' नाय ऐकलं मी त्या दारात." तिने डोक्यावरची चुंबळ काढून भिरकावली. "तू तिकडे जाऊन भांडलीस ना?"

"भांडले नाही आई. विचारलं."

"विचारलं! गरिबाने विचारलं की त्याला भांडणच बोलतात."

संध्याकाळी सलोनीने त्यातली दोन पापलेटं तळली. कमळाने निमूट जेवून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

चार दिवसांनी सूरज सुट्टीवर आला. पिशवी खाली ठेवतोय तोच सलोनीने त्याच्यापुढे केसपेपर धरला. तोपर्यंत तिने कामावरच्या एका बाईकडून चिपळूणच्या एका डॉक्टरचं नाव मिळवलं होतं आणि दोघांची वेळही घेऊन ठेवली होती, परवा सकाळची.

"दोघांची?" सूरजने विचारलं. "माझं काय दाखवायचं? मी धडधाकट हाय."

"मी पण धडधाकटच होते."

"पुढच्या..."

"पुढच्या सुट्टीत म्हणू नका. तेवढं सोडून काहीही म्हणा."

सूरज उठला आणि चालता झाला, बंधाऱ्याकडे. सलोनीही मागोमाग गेली. भरती होती, दगडांवर पाणी आपटत होतं. तो पुढे आणि ती दहा पावलं मागे, असं दोघं बंधाऱ्याच्या टोकापर्यंत गेली. तिथे पुढे जायला जागाच नव्हती म्हणून तो थांबला.

"अहो," ती म्हणाली, "तिकडे टेबलावर सिस्टरने माझे गुडघे दाबून धरले होते. मी थांबा म्हणाले, दोनदा. कोणी थांबलं नाही. तुम्ही नव्हता तिथे, तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून आता सांगतेय. तुम्ही तरी ऐका."

सूरज पाण्याकडे बघत राहिला. "माझ्यातच काय निघालं तर?" तो म्हणाला. "टगवर पोरं आधीच चेष्टा करतात. सहा वर्षं झाली बोलतात, अजून नांगर लागत नाय."

एवढं त्याने याआधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. सलोनीला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि त्याच वेळी त्याला गदगदा हलवावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. "परवा सहाची एसटी आहे," ती म्हणाली.

परवाचा दिवस उजाडला तरी सूरज अंथरुणातच. सलोनी तयार होऊन दारात आतबाहेर करत होती, पावणेसहा वाजले होते. तेवढ्यात जेटीवर जायला निघालेली कमळा परत फिरली. पाटी काखेत, तशीच ती मुलाच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

"ऊठ रे."

"आये, तू यात पडू नको."

"कशी पडू नको? तिची ती किंकाळी मी ऐकलीय. माझ्या तीन बाळंतपणांत मी तशी ओरडले नाय. तिने एवढं सोसलं, नि तुला एका डबीत द्यायला लाज वाटते?"

सूरजने चादर डोक्यावर ओढली, मग काढली, मग उठला. कमळा तोवर दाराबाहेर गेलीही होती. सुनेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सहाची एसटी चुकली, साडेसहाची मिळाली.

चिपळूणच्या डॉक्टरचं नाव नम्रता. वयाने सलोनीएवढीच असेल. तिने जुनी फाईल शेवटापर्यंत वाचली आणि पहिला प्रश्न सूरजला केला. मग त्याला एक डबी देऊन कोपऱ्यातली खोली दाखवली. सूरज पंचवीस मिनिटांनी बाहेर आला तो कानापर्यंत लाल होऊन. "बाहेरून कोणतरी दोनदा दार वाजवून गेलं," तो सलोनीच्या कानात म्हणाला. "कसं जमणार माणसाला?"

सलोनीला हसू आलं. इतक्या दिवसांनी आलं म्हणून ते आवरेना. सूरज आधी वरमला, मग तोही हसायला लागला.

दुपारी निकाल आला. सूरजचे शुक्रजंतू कमी होते, आणि होते त्यांची हालचाल मंद होती. डॉक्टर सरळ बोलली. "अगदीच नाहीत असं नाही. इंजिनरूमच्या उष्णतेने होऊ शकतं, तंबाखूनेही. तंबाखू आज सोडायची. औषध देते, तीन महिन्यांनी परत बघू. डेकवर काम मिळत असेल तर मागा." मग सलोनीकडे वळली. "हे आधी बघायला हवं होतं. तुमची नळीची तपासणी पुढच्या पाळीनंतर परत करू. पण तुमची तयारी असेल तरच."

"दुखेल?"

"दुखेल. कमी दुखावं म्हणून एक तास आधी गोळी, मग इंजेक्शन. औषध कोमट करून हळू सोडेन. आणि तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार."

सलोनीला हे शेवटचं खरं वाटलं नाही.

पुढचा महिना कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. पाळी तीन दिवस उशिरा आली, आणि त्या तीन दिवसांत उगाचच आशा लागली ती वेगळीच. सूरजने डेकवर बदली मागितली, ती मिळाली नाही. तंबाखू मात्र सोडली. दिवसभर बडीशेप चघळायचा आणि सगळ्यांवर खेकसायचा. कमळाने डॉक्टरीणबाईंच्या दाराची वाट सोडली आणि नाचणे रोडला दोन नवी घरं धरली, तरी बुधवार आला की तिचं तोंड उतरायचंच. आणि सलोनी प्रयोगशाळेत थर्मामीटर हातात धरून किती वेळ उभी राहायची ते दिशा गुपचूप बघायची.

तपासणीच्या दिवशी सूरज एक ड्यूटी बदलून घेऊन आला. खोलीत पडदा होता. अंगावर घ्यायला पूर्ण चादर होती. डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होती, आता थंड लागेल, आता दाब वाटेल. तरी सलोनीचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. टेबलाची कड तिने घट्ट धरली होती. आतली ती मूठ पुन्हा आवळायला लागली. गेल्या वेळेइतकी नाही, पण तीच.

"थांबा!" ती ओरडली.

आणि सगळं थांबलं.

डॉक्टरचे हात जिथल्या तिथे राहिले. नर्सने सलोनीच्या कपाळावर हात ठेवला. "घाई नाही," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही सांगाल तेव्हा."

सलोनी रडायला लागली. किती दुखतंय म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना, कारण त्या क्षणी दुखत नव्हतं. आपला शब्द कोणीतरी ऐकला, एवढंच झालं होतं, आणि एवढ्याशाने आपल्याला इतकं रडू यावं याचा तिला रागही येत होता. दोन मिनिटं गेली, कदाचित तीन. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "हां. करा."

नंतर डॉक्टरने मशीनचा स्क्रीन वळवून तिला चित्र दाखवलं. मधोमध पांढरा त्रिकोण, आणि डाव्या बाजूला केसाएवढी बारीक रेघ वळणं घेत गेलेली, टोकाला धुरासारखी पसरलेली. "ही उघडी आहे. औषध पलीकडे गेलंय, बघा. उजवी भरली नाही. ती खरंच बंद आहे की आवळली, ते यावरून मी सांगणार नाही. एक उघडी असली तरी दिवस राहू शकतात. राहतीलच असं मी म्हणत नाही."

"तसंच लिहाल?" सलोनीने विचारलं.

"जसं दिसलं तसंच लिहीन."

दुपारच्या गाडीने दोघं परत निघाली. गाडी अर्धी रिकामी होती, पण सलोनीला बसवेना. पोटात अजून कळा येत होत्या. डावी उघडी. उजवीचं माहीत नाही. सूरजचे तीन महिने. तीन महिन्यांनी पुन्हा डबी, पुन्हा कागद. आनंद झालाय म्हणावं तर तो हाताला लागत नव्हता, आणि दुःख म्हणावं तर तेही पूर्वीसारखं उरलं नव्हतं. ती मधल्या दांड्याला धरून उभी राहिली. सूरज खिडकीपाशी बसला होता, तोही उठून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

सावर्डे गेलं. रस्त्याचं काम चाललेलं, गाडी आचके देत होती. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला आणि दोघांकडे बघून वैतागला. "एवढ्या सीटा रिकाम्या आहेत. बसून घ्या की!"

"तिला नाय बसवत," सूरज म्हणाला.

"आणि तुम्हाला काय झालं?"

सूरजने बडीशेप एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "मलापण नाय बसवत," तो म्हणाला, आणि त्याने रत्नागिरीची दोन तिकिटं मागितली.